सिस्टर्शियन मठांची पश्चिम बाजू : श्रमबंधूंच्या इतिहासाचा वास्तुगत पुरावा

मध्ययुगीन युरोपातील मठांचा इतिहास आजवर प्रामुख्याने ग्रंथांच्या आधारे लिहिला गेला आहे आणि ते ग्रंथ लिहिणारे बहुतेक सर्व मठवासीच होते. ज्यांना लिहिता येत नव्हते, किंवा ज्यांना लिहू-वाचू द्यावयाचे नाही असा नियमच होता, त्यांचा इतिहास या ग्रंथांत दुसऱ्याच्या तोंडून आणि बहुधा तक्रारीच्या रूपाने येतो. बाराव्या शतकातील सिस्टर्शियन संप्रदायाचे ‘कन्व्हर्सी’ हे अशा वर्गाचे ठळक उदाहरण होय. दीक्षा घेतलेले, आजन्म ब्रह्मचर्य व आज्ञापालन यांनी बांधलेले, परंतु भिक्षुपदाचा अधिकार नसलेले हे श्रमकरी बंधू होत. त्यांना पुढे ‘श्रमबंधू’ असे म्हटले आहे. त्यांच्याविषयी कागदोपत्री पुरावा एकांगी असला, तरी एक दुसरा पुरावा विपुल आहे व तो अद्याप उभा आहे. प्रत्येक सिस्टर्शियन मठाची पश्चिम बाजू ही या बंधूंसाठी बांधलेली असे. तिच्या भिंती, दारे आणि वाटा यांचे नीट वाचन केले, तर या वर्गाच्या स्थानाविषयी चाललेल्या वादावर काही प्रकाश पडू शकतो.

हा वाद थोडक्यात असा. जेम्स डॉनेली यांनी १९४९ मध्ये श्रमबंधूंच्या ऱ्हासावर ग्रंथ लिहिला. महासभेच्या ठरावांत नोंदलेली बंडे व दंगे यांचे संकलन त्यात असून या संस्थेच्या आतच एक कायमचा ताण होता, असे चित्र त्यातून उभे राहते. उलट, जेम्स फ्रान्स यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाचे नावच ‘वेगळे, परंतु समान’ अशा अर्थाचे आहे. श्रमबंधूंचे आध्यात्मिक जीवन भिक्षूंच्या जीवनाइतकेच खरे होते, त्यांच्याकडे केवळ मजूर म्हणून पाहणे हा आधुनिक दृष्टीचा दोष आहे, असा त्यांचा रोख आहे. दोन्ही पक्षांच्या हाती ग्रंथप्रमाण आहे. दोघांनीही वास्तूचा उपयोग केला असला, तरी तो दाखल्यापुरता.

मूळ वचन पाहिले म्हणजे वादाचे बीज कोठे आहे ते कळते. मोलेमचा रॉबेर याने १०९८ मध्ये बर्गंडीतील सीतो येथे नव्या मठाची स्थापना केली. बेनेडिक्टच्या नियमाचे शब्दशः पालन करावयाचे, हा त्यामागील संकल्प होता. या संप्रदायाच्या आरंभाचे जे वृत्तांत उपलब्ध आहेत, त्यांत दाढीधारी श्रमबंधू घेण्याच्या निर्णयाचा उल्लेख येतो. जिवंतपणी आणि मृत्यूनंतरही त्यांना आपल्यासारखेच वागवावे, मात्र भिक्षुपद त्यास अपवाद असावे, असा त्याचा आशय आहे. हे वृत्तांत नेमके केव्हा रचले गेले याविषयी एकमत नाही. कॉन्स्टन्स बर्मन यांनी २००० मध्ये त्यांचा काळ बराच पुढे, बाराव्या शतकाच्या उत्तरार्धाकडे ओढला आणि त्यावर इतर अभ्यासकांनी तीव्र आक्षेप घेतले. पण काळ कोणताही धरला, तरी वचनाचे दोन भाग कायम राहतात. ‘आपल्यासारखेच’ हा एक भाग आणि ‘अपवाद’ हा दुसरा. फ्रान्स पहिल्या भागावर भर देतात, तर डॉनेली यांनी जमविलेले दाखले दुसऱ्याकडे बोट दाखवितात. या दोन भागांची सीमारेषा व्यवहारात कोठे आखली गेली, हा खरा प्रश्न आहे. ती रेषा मठाच्या आराखड्यात अक्षरशः आखलेली दिसते.

श्रमबंधूंची आवश्यकता का भासली, हे समजण्यासाठी या संप्रदायाचा अर्थव्यवहार लक्षात घ्यावयास हवा. जुन्या बेनेडिक्टाइन मठांचे उत्पन्न जमीनदाराचे होते. कुळांचा खंड, भूदासांची वेठ, ग्रामचर्चांचे उत्पन्न आणि धान्याचा दशांश यांवर ते चाले. क्लुनीचे तिसरे चर्च १०८८ मध्ये सुरू होऊन ११३० मध्ये त्याचे अभिमंत्रण झाले. सुमारे १८७ मीटर लांबीची ही वास्तू अशाच उत्पन्नावर आणि राजेरजवाड्यांच्या देणग्यांवर उभी राहिली. सीतोच्या मठवासीयांनी ही सर्व साधने तत्त्वतः नाकारली. स्वतःच्या हातांनी कसलेल्या जमिनीवरच जगावयाचे, असे त्यांनी ठरविले. हा निश्चय उदात्त होता, परंतु त्यात एक अडचण होती. बेनेडिक्टच्या नियमाप्रमाणे आठवड्याभरात दीडशे स्तोत्रांचे पठण पूर्ण व्हावयाचे. पहाटेपूर्वीपासून रात्रीपर्यंत ठरलेल्या वेळी चर्चमध्ये हजर राहावयाचे. ज्याला दर दोन-तीन तासांनी घंटेबरोबर परतावयाचे आहे, तो मठापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवरील शेत कसा नांगरणार? कूळ नको आणि भूदास नको, म्हणून श्रमबंधू हवे झाले. ते दीक्षित असल्यामुळे त्यांचे श्रम हे ‘स्वतःचे’ श्रम ठरत आणि तत्त्वाला बाध येत नसे.

ही योजना कमालीची यशस्वी झाली. क्लेअरव्होचा मठाधिपती बर्नार्ड ११५३ मध्ये मृत्यू पावला, तेव्हा संप्रदायाचे सुमारे ३५० मठ झाले होते. दूरदूरच्या शेतवाड्या, ज्यांना ‘ग्रेंज’ म्हणत, श्रमबंधूंच्या ताब्यात असत. त्या मठापासून एका दिवसाच्या वाटेपलीकडे नसाव्यात, असा दंडक होता. रविवारी व सणावारी तेथील बंधूंनी मठात यावे, हे त्याचे कारण. लोकर, द्राक्षमद्य, लोखंड, गुरे यांचा व्यापार वाढला. इंग्लंडचा राजा रिचर्ड याच्या सुटकेची खंडणी ११९३ मध्ये गोळा करताना तेथील सिस्टर्शियन मठांकडून वर्षाची सारी लोकर घेण्यात आली, यावरून त्या कळपांची कल्पना येते. दारिद्र्याचे व्रत घेतलेल्या मंडळींच्या हाती अशा प्रकारे संपत्ती आली. ती आणणारे हात मात्र बहुतांशी भिक्षूंचे नव्हते.

सिस्टर्शियन वास्तुकलेविषयी जे सामान्यतः लिहिले जाते, त्यात या हातांचा उल्लेख क्वचितच असतो. बर्नार्डने ११२५ च्या सुमारास लिहिलेल्या पत्ररूप ग्रंथाचा दाखला देण्याचा प्रघात आहे. त्यात त्याने चर्चांची अवाजवी उंची व लांबी, सोन्याचा झगमगाट आणि ओवऱ्यांतील स्तंभशीर्षांवर कोरलेले विचित्र प्राणी यांवर टीका केली आहे. दारात गरीब उपाशी असता भिंती सजविण्यास त्याचा विरोध होता. महासभेनेही शिल्पे, चित्रे, रंगीत काचा आणि पुढे, ११५७ मध्ये, दगडी घंटामनोरे यांना मनाई केली. या विचाराचे उत्तम दृश्य रूप फोंतने येथे आढळते. मठाची स्थापना १११८ मधली. ११४७ मध्ये बर्नार्डचाच शिष्य असलेला पोप तिसरा यूजीन याच्या हस्ते तेथील चर्चचे अभिमंत्रण झाले. सुमारे ६६ मीटर लांबीच्या या चर्चच्या मध्यदालनाला वरच्या बाजूस खिडक्या नाहीत. टोकदार कमानीचे अखंड दगडी छत डोक्यावर आहे आणि पार्श्वदालनांतील छोटी आडवी कमानछते त्याचा भार पेलतात. उजेड येतो तो पार्श्वदालनांतून आणि पूर्व-पश्चिमेच्या भिंतींतील खिडक्यांतून. कोठेही नक्षी नसल्यामुळे दगडाच्या सांध्यांकडेच लक्ष जाते. मार्सेल ऑबेर यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या फ्रान्समधील सिस्टर्शियन वास्तुकलेवरील ग्रंथापासून पुढील बहुतेक विवेचनांत या साधेपणाचे रसग्रहण आले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु एका गोष्टीकडे दुर्लक्ष होते. या साध्या दालनाचे दोन तुकडे केलेले असत. ज्याला आज प्रेक्षक एक सलग अवकाश म्हणून न्याहाळतो, तसा तो बाराव्या शतकात कोणालाच दिसत नव्हता.

पूर्वेकडील भाग भिक्षूंचा आणि पश्चिमेकडील भाग श्रमबंधूंचा होता. मध्ये आडभिंत असे. अशा भिंती बहुतेक ठिकाणी पुढे पाडल्या गेल्या. जर्मनीतील माउलब्रॉन येथे मात्र ती दगडी आडभिंत जागेवर उभी आहे. मठ ११४७ मधला आणि चर्चचे अभिमंत्रण ११७८ मधले. श्रमबंधूंच्या बाजूने या चर्चमध्ये शिरणाऱ्याला भिंतीपर्यंतचेच चर्च मिळते. भिंतीपलीकडे पठण चालू आहे हे त्याला ऐकू येईल. ते लॅटिनमध्ये आहे. श्रमबंधूंनी काय पाठ करावे हे त्यांच्या आचारसंहितेने ठरवून दिले होते. प्रभूची प्रार्थना, श्रद्धासूत्र, एक पश्चात्तापस्तोत्र आणि त्यांना नेमून दिलेले आणखी थोडे, एवढेच. तेही पुस्तकावरून नव्हे, ऐकून. कोणाही श्रमबंधूजवळ पुस्तक असू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

चर्चमधून मठाच्या चौकाकडे वळले म्हणजे ही विभागणी अधिक ठळक होते. सिस्टर्शियन मठाची रचना ठरीव असे. चर्चच्या दक्षिणेस, क्वचित उत्तरेस, चौक आणि त्याभोवती चार बाजूंनी ओवऱ्या. पूर्वेच्या बाजूस चर्चच्या दाराजवळ पुस्तकांचे कपाट, त्याला लागून सभागृह, आणि वरच्या मजल्यावर भिक्षूंची शयनशाळा. चर्चच्या समोरच्या बाजूस ऊबगृह, भोजनशाळा आणि स्वयंपाकघर. उरलेली पश्चिम बाजू श्रमबंधूंची. तळमजल्यावर कोठार आणि त्यांची भोजनशाळा, वर त्यांची शयनशाळा. नवव्या शतकाच्या पूर्वार्धातील जो प्रसिद्ध आराखडा स्वित्झर्लंडमधील संत गालच्या मठात जपून ठेवला आहे, त्यात सेवक, कारागीर व गुराखी यांची घरे चौकापासून दूर, आवाराच्या कडेला दाखविली आहेत. सिस्टर्शियनांनी श्रम करणाऱ्यांना आवाराच्या कडेवरून उचलून चौकाच्या भिंतीला भिडविले. बाहेरचा मनुष्य आतला झाला. या बदलाचे महत्त्व कमी लेखता येणार नाही आणि फ्रान्स यांच्या बाजूने वास्तूचा हा सर्वांत भक्कम पुरावा आहे.

मात्र तो चौकाच्या भिंतीला भिडला, एवढेच. चौकात शिरला नाही. इंग्लंडमधील कर्कस्टॉल व बायलंड, जर्मनीतील एबरबाख अशा अनेक ठिकाणी पश्चिमेची इमारत आणि चौकाची पश्चिम ओवरी यांच्या मध्ये एक अरुंद, उघडी गल्ली आढळते. दोन्ही बाजूंना उंच भिंती असलेली ही गल्ली श्रमबंधूंना त्यांच्या इमारतीपासून थेट चर्चच्या पश्चिम भागात नेते. तिचा उपयोग कामकाजाचा आवाज चौकापर्यंत पोचू नये यासाठी होता, असे स्पष्टीकरण दिले जाते. ते अंशतः मान्य करण्यास हरकत नाही, कारण चौकातील ओवऱ्या या वाचन-मननाच्या जागा होत्या. परंतु केवळ आवाजच अडवावयाचा असता, तर एक जाड भिंत पुरली असती. गल्लीमुळे जाण्यायेण्याची स्वतंत्र वाट तयार होते आणि चौकात पाऊल न टाकता दिवस काढता येतो. बायलंड येथे या गल्लीच्या भिंतीत बसण्यासाठी कोनाड्यांची रांग ठेवलेली आहे. भिक्षूंना बसण्यास ओवरी, तशी श्रमबंधूंना ही गल्ली. ज्याने हे कोनाडे कल्पिले, त्याला या बंधूंच्या विसाव्याची काळजी होती हे उघड आहे. तो विसावा कोठे घ्यावा, याविषयीही त्याच्या मनात संदेह नव्हता.

बायलंडचाच दुसरा एक विशेष येथे नमूद केला पाहिजे. भिक्षूंचा समुदाय त्या जागी ११७७ मध्ये राहावयास गेला. श्रमबंधूंची पश्चिमेकडील इमारत मात्र त्याआधी, त्या ठिकाणच्या अगदी पहिल्या बांधकामांपैकी होती. म्हणजे प्रथम काम करणारे आले, त्यांच्यासाठी पक्का निवारा झाला, आणि त्यांनी जागा तयार केल्यावर भिक्षू आले. संप्रदायाच्या वृत्तांतांत भिक्षूंनी निबिड अरण्यात कुऱ्हाड चालविल्याच्या कथा आवडीने सांगितलेल्या असतात. बांधकामाच्या क्रमावरून निघणारी कथा थोडी निराळी आहे.

बांधकामाच्या दर्जाकडे पाहिले तर काय दिसते? यॉर्कशरमधील फाउंटन्स मठाची पश्चिम बाजू सुमारे ९० मीटर लांब आहे. तळमजल्यावर मधोमध खांबांची एकच रांग. तिच्या दोन्ही अंगांनी बावीस-बावीस खणांचे दगडी कमानछत. खांबांना शीर्षे नाहीत. छताच्या फासळ्या खांबांतूनच फुटून वर पसरतात. आज मधल्या आडभिंती नसल्यामुळे हा तळमजला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दिसतो आणि इंग्लंडमधील मध्ययुगीन वास्तूंत त्याला तोड सापडणे कठीण. दक्षिण टोकाखालून स्केल नदी वाहते. तिच्या प्रवाहावर शौचकूप आणि श्रमबंधूंची रुग्णशाळा बांधलेली होती. उत्तर टोकाला शयनशाळेतून थेट चर्चमध्ये उतरणारा रात्रीचा जिना होता. भिक्षूंना पूर्वेकडे जो जिना होता, त्याचीच ही प्रतिकृती. रुग्णशाळा, वाहते पाणी, भोजनशाळा, रात्रीचा जिना यांपैकी भिक्षूंना जे होते, ते यांनाही होते. क्लेअरव्हो येथे बर्नार्डच्या काळातील वा त्यानंतर लगेचच्या मठापैकी जी मोठी इमारत टिकली, ती श्रमबंधूंचीच. तिचे दोन्ही मजले दगडी कमानछताचे आहेत. मजुरांची वसाहत म्हणून कोणी असे बांधत नाही. हा खर्च पाहता, त्यांना केवळ राबवून घेतले, या मताला वास्तूचा आधार मिळत नाही, असेच म्हणावे लागते.

पण जे नाही, त्याचीही नोंद घेणे आवश्यक आहे. पूर्वेकडील प्रत्येक सोयीला पश्चिमेकडे जोड सापडते आणि केवळ दोनच गोष्टींना ती सापडत नाही. पुस्तकांचे कपाट आणि सभागृह. सभागृहात दररोज नियमाचा एक अध्याय वाचला जाई, मठाचे व्यवहार मांडले जात, मठाधिपतीची निवड होई. श्रमबंधूंना या निवडीत मत नव्हते. त्यांची स्वतःची सभा मठाधिपती घेई, परंतु ती उपदेश व दोषोच्चारासाठी, निर्णयासाठी नव्हे. या सभेसाठी वेगळी वास्तू म्हणून उभारलेली दिसत नाही. दीक्षेचा विधीही या दृष्टीने बोलका आहे. श्रमबंधू गुडघे टेकून आपले जोडलेले हात मठाधिपतीच्या हातांत देई व मरेपर्यंत आज्ञापालनाचे वचन देई. ही मुद्रा सरंजामी समाजात मांडलिक आपल्या धन्यापुढे करीत असे तीच होय. भिक्षू आपले व्रत लिहून वेदीवर ठेवी. एकाचा शब्द हातांत होता आणि दुसऱ्याचा कागदावर.

तेव्हा ‘आपल्यासारखेच’ आणि ‘अपवाद’ यांमधील रेषा कोठे होती, याचे उत्तर असे देता येईल. अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार आणि मरणोत्तर प्रार्थना येथपर्यंत समानता होती, आणि ती दगडात बांधण्याइतकी गंभीरपणे मानली होती. अक्षर आणि मत यांच्या दारात ती थांबत होती. ही रेषा बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात अधिक कडक झाली. ११८८ मध्ये महासभेने असा ठराव केला की, उच्चकुलीन गृहस्थांनी श्रमबंधू न होता भिक्षूच व्हावे. तोवर नम्रतेपोटी हे स्थान पत्करणारे सरदार निघत, हे या ठरावावरूनच कळते. त्यानंतर पश्चिम बाजू ही जन्माने खालच्या मानलेल्यांचीच बाजू झाली.

या दृष्टीने बंडांकडे पाहिले असता त्यांची कारणे पुष्कळशी उलगडतात. हायडेलबर्गजवळील शोनाऊ येथे ११६८ च्या सुमारास झालेला कट बुटांवरून झाला. श्रमबंधूंना भिक्षूंबरोबर नवे बूट देण्याची तेथे रीत होती आणि नव्या मठाधिपतीने ती बंद करण्याचे ठरविले. चिडलेल्या बंधूंनी भिक्षूंच्या शयनशाळेत घुसून त्यांचे बूट फाडण्याचा बेत केला. पुढे कटाचा म्होरक्या अकस्मात मरण पावला आणि वृत्तांतकाराने अर्थातच त्यात दैवी कोप पाहिला. वेल्समधील कुमहीर येथे ११९५ मध्ये मठाधिपतीने बीअर बंद केली, म्हणून श्रमबंधूंनी त्याचे घोडे पळविले. आधुनिक लेखक हे प्रसंग बहुधा गंमत म्हणून सांगतात. बुटांसाठी बंड, बीअरसाठी चोरी, आणि अशिक्षितांकडून आणखी काय अपेक्षा करावयाची, असा त्यांचा सूर असतो. हा सूर वृत्तांतकारांचा आहे आणि इतिहासकाराने तो उसना घेण्याचे कारण नाही. बूट, पेय, जेवण या गोष्टी म्हणजेच ज्या मर्यादेपर्यंत समानतेचे वचन दिले होते, ती मर्यादा होत. श्रमबंधूंनी पुस्तक मागितले नाही, मत मागितले नाही, भिक्षुपदही मागितले नाही. जे वचनात होते ते काढून घेतले जाऊ लागले, तेव्हा ते उठले. शोनाऊच्या कटात त्यांना स्वतःसाठी जास्त बूट नको होते. जे आम्हांला नाही ते तुम्हांलाही नको, एवढाच त्या बेताचा अर्थ होता.

मार्गमची घटना वास्तुशास्त्राच्या दृष्टीने आणखी उद्बोधक आहे. वेल्समधील या मठात १२०६ मध्ये श्रमबंधूंनी कोठावळ्याला घोड्यावरून खाली ओढले, शस्त्रे घेऊन मठाधिपतीचा सुमारे पंधरा मैल पाठलाग केला, आणि मग शयनशाळेत अडसर लावून बसले. भिक्षूंना अन्न मिळू दिले नाही. मार्गमचे मध्यदालन पॅरिशचे चर्च म्हणून आज वापरात आहे. पश्चिम बाजूची इमारत मात्र राहिलेली नाही, त्यामुळे तेथील नेमकी रचना मोजून दाखविता येत नाही. परंतु संप्रदायाचा सर्वसाधारण आराखडा ध्यानात घेता हा प्रकार कसा शक्य झाला ते समजते. श्रमबंधूंच्या शयनशाळेखालीच कोठार असे. धान्य, तेल, मासे, द्राक्षमद्य सारे त्यांच्या पायांखाली. बाहेरून येणारा माल पश्चिमेच्या दारानेच आत येई. दोन्ही भोजनशाळांना वाढणारे स्वयंपाकघर एकच होते. भिक्षूंची भोजनशाळा चौकाच्या भिंतीशी समांतर न ठेवता काटकोनात फिरविण्याची जी पद्धत बाराव्या शतकाच्या मध्यानंतर रूढ झाली, तिच्यामुळे स्वयंपाकघर दोन भोजनशाळांच्या मध्ये बसविणे शक्य झाले. एका खिडकीतून पूर्वेकडे ताटे जात, दुसरीतून पश्चिमेकडे. या पद्धतीमागे केवळ सोय होती की आणखी काही अर्थ होता, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, परंतु परिणाम स्पष्ट आहे. ज्यांना चौकात मज्जाव होता, त्यांच्या हातीच चौकाचे पोट होते. आराखडा करणाऱ्याने दोन समुदाय वेगळे केले खरे, परंतु त्यांतील एकाला दुसऱ्यावाचून जगता येईल अशी तजवीज तो करू शकला नाही.

केवळ पश्चिम बाजूच्या इमारतीवरून संख्येचा अंदाज बांधणे मात्र धोक्याचे आहे. रीव्हो येथे एलरेड मठाधिपती असताना (११४७–६७) १४० भिक्षू आणि श्रमबंधू व इतर सेवक मिळून ५०० जण होते, असे त्याचा चरित्रकार वॉल्टर डॅनिएल सांगतो. तेथील पश्चिम बाजू या संख्येच्या मानाने अगदी लहान आहे. यातून आकडा फुगविलेला आहे असा निष्कर्ष काढण्यापूर्वी ग्रेंजांचा विचार केला पाहिजे. बहुसंख्य बंधू आठवड्याचे सहा दिवस तेथेच राहत. मठ हे त्यांचे रविवारचे घर होते. ग्रेंजांवरील इमारती फार थोड्या उरल्या आहेत. पॅरिसच्या उत्तरेस वोलरां येथे शालीच्या मठाचे तेराव्या शतकातील कोठार उभे आहे. सत्तर मीटरांहून अधिक लांब, तीन दालनांचे, आतून पाहता चर्चच वाटावे असे. फोंतने येथील लोहारशाळाही, जेथे पाण्याच्या जोरावर घण चालत, पन्नास मीटरांहून लांब आहे आणि तिचे कमानछत भिक्षूंच्या इमारतींच्या तोडीचे आहे. अशा वास्तूंत राबणाऱ्याला आपल्या कामाची जागा व आपली प्रार्थनेची जागा यांत फारसे अंतर वाटले नसेल. तथापि वोलरांची पाहणी करून सर्व ग्रेंजांविषयी बोलणे म्हणजे राजवाडा पाहून शहराचे वर्णन करणे होय. बाकीच्या शेतवाड्या लाकडा-मातीच्या होत्या आणि त्या गेल्या.

या व्यवस्थेचा शेवट बंडांमुळे झाला नाही. १२०८ मध्ये महासभेने दूरच्या वा कमी उपयोगी जमिनी खंडाने देण्यास परवानगी दिली आणि मूळ तत्त्वाला पहिली फट पडली. ज्यांना पूर्वी धर्मजीवनाचा हा एकच मार्ग खुला होता, त्यांना तेराव्या शतकात फ्रान्सिस्कन व डोमिनिकन संघांचा पर्याय मिळाला. जमीन कुळांकडे गेल्यावर श्रमबंधूंची गरजही राहिली नाही. यॉर्कशरमधील म्यूस मठात १२४९ मध्ये ६० भिक्षू व ९० श्रमबंधू होते. पुढच्या शतकात श्रमबंधूंची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी झाली. १३४९ च्या महामारीने त्या मठात दहाच भिक्षू मागे ठेवले. मग पश्चिम बाजूचे काय झाले? काही मठांत ती मठाधिपतीच्या निवासाकडे वळविण्यात आली. जेथे मेंढपाळ व नांगरणारे निजत, तेथे पाहुण्यांसाठी दिवाणखाने झाले. चर्चच्या पश्चिम भागातील आडभिंती बऱ्याच ठिकाणी निघाल्या आणि मध्यदालन प्रथमच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळे झाले. अभ्यासक ज्या सलग अवकाशाला सिस्टर्शियन साधेपणाचा नमुना म्हणून गौरवितात, तो अनेक ठिकाणी श्रमबंधू नाहीसे झाल्यानंतरचा आहे.

एबरबाख येथे श्रमबंधूंच्या भोजनशाळेत आता जुने द्राक्षदाबयंत्रांचे प्रचंड लाकडी सांगाडे मांडून ठेवले आहेत. फोंतने १७९१ मध्ये विकला गेला व तेथे कागदाचा कारखाना निघाला. १९०६ नंतर नव्या मालकाने कारखान्याच्या इमारती काढून मठ पूर्ववत केला. क्लेअरव्होचा मठ १८०८ मध्ये शासनाने कारागृहासाठी घेतला आणि २०२३ मध्ये ते कारागृह बंद होईपर्यंत त्याच आवारात कैदी होते. श्रमबंधूंच्या इमारतीची दुरुस्ती तत्पूर्वीच झाली होती. तिच्या वरच्या मजल्यावरील शयनशाळा आता रिकामी आहे. माउलब्रॉनमध्ये धर्मसुधारणेनंतर, १५५६ मध्ये, शाळा स्थापन झाली. ज्या आवाराच्या एका बाजूला पुस्तक बाळगण्यास बंदी होती, तेथे मुले लॅटिन शिकू लागली, आणि आडभिंत मात्र कोणी पाडली नाही.